टपाल सुरू होत नाही

कॉम्प्युटर विभागात येऊन ती खुर्चीला टेकायच्या आधीच फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाची सिस्टर, नमस्कार नाही की काही नाही, सरळ म्हणाली, "सकाळपासून एक रिपोर्ट वर आलेला नाही. एक म्हणजे एक नाही. तुमच्याकडे कुणी जागं आहे का?" सव्वाआठ झाले होते. पर्स खांद्यालाच ठेवून तिनं उभ्या उभ्या सर्व्हर उघडला. सर्व्हिसेसची, म्हणजे त्यावर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची, लांबलचक यादी, त्यात 'टपाल', आणि टपालापुढे 'थांबलेलं'. पहाटे सर्व्हर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो तसा. बाकी सगळं उठून कामाला लागलं होतं, टपाल तेवढं उठलं नव्हतं. तिनं 'सुरू करा' दाबलं. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली, अडखळली, आणि मधोमध करडा चौकोन आला: सुरू करता येत नाही, ज्या अकाउंटवर ही सर्व्हिस चालते ते अकाउंट सापडत नाही. तिनं चौकोन बंद केला, पुन्हा दाबलं. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा तिनं बटण असं दाबलं की माऊस टेबलावर आपटला. ते अकाउंट कुणाचं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कानाच्या पाळ्यांपासून सुरू होऊन मानेत उतरणारी ओळखीची गरमी आली, आणि रिकाम्या खोलीत ती मोठ्यांदा म्हणाली, "वा मास्तर! छान करून ठेवलंत."

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण कुणी नुसतं 'प्रिंटर चालत नाही' म्हटलं तरी ते खुर्ची ओढून बसायचे आणि छपाई म्हणजे काय इथपासून सुरू करायचे, म्हणून अख्ख्या हॉस्पिटलात त्यांना मास्तरच म्हणत. टपाल त्यांचंच अपत्य. तळघरातल्या लॅबमध्ये रक्त तपासलं की निकाल वॉर्डाच्या स्क्रीनवर नेऊन टाकायचा, आणि आकडा धोक्याचा असला तर लाल रंगात दाखवून घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. त्याआधी शिपाई कागद घेऊन जिने चढायचे आणि मधल्या मजल्यावर गप्पा मारत उभे राहायचे. सोळा वर्षांपूर्वी मास्तरांनी चार रविवार घालवून टपाल लिहिलं, आणि ते स्वतःच्याच अकाउंटवर चालवलं. ती नोकरीला लागली तेव्हा पंचविशीत होती, नुकती शिकून आलेली, नियम तोंडपाठ. तिनं पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, "मास्तर, सर्व्हिसला वेगळं अकाउंट हवं. माणसाचं नको. माणूस उद्या नोकरी सोडतो, रजेवर जातो." मास्तर चष्मा कपाळावर सरकवून हसले होते. "मी कुठं जातोय? मी आहे ना." पुढच्या पंधरा वर्षांत तिनं तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत किती वेळा म्हटलं असेल, आणि दर वेळी तेच उत्तर. मी आहे ना. आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात कोसळले आणि संपले. बातमी कळली तेव्हा ती रडली नाही. तिच्या मनात आधी आलं ते असं की, आता? आता आहात का? आणि हे असं मनात आल्याबद्दल पुढचे कितीतरी दिवस तिला स्वतःचाच राग येत होता.

ती बसली. मास्तरांच्या अकाउंटचं नाव सर्व्हिसच्या पानावरून काढून तिथं दुसरं घालायचं होतं. गेल्या वर्षी तिनंच एक बिनमाणसाचं अकाउंट याच कामासाठी बनवून ठेवलं होतं, मास्तरांनी कधी वापरू दिलं नव्हतं. ते घातलं, पासवर्ड घातला, 'सुरू करा'. पट्टी या वेळी जवळजवळ शेवटपर्यंत गेली. मग चौकोन: परवानगी नाकारली. नुसतं तेवढंच. कुणाला, कशाची, कुणी नाकारली, काही नाही. तिला या दोन शब्दांची पूर्वीपासून चीड होती. त्यात एक बेपर्वाई होती, खिडकीमागच्या कारकुनानं मान वर न करता हात हलवावा तशी. ती नोंदवहीत शिरली. सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो, तिथं शोधत खाली खाली गेली, आणि कळलं की टपालाला त्याचं स्वतःचंच फोल्डर वाचता येत नाही. तेवढ्यात मोबाइल थरथरला. आई. "अगं, डबा विसरलीस. ओट्यावरच राहिलाय. आता काय खाशील?" "आई, फेकून दे तो डबा!" म्हणून तिनं फोन उलटा ठेवला. आईचा 'बरं' अर्धाच ऐकू आला. घरी दोघीच. सकाळीसुद्धा गिझर चालू राहिला म्हणून तिनं आईला तोडलं होतं, आणि आई कपड्यांच्या घड्या करत बसली होती. हल्ली हे असं व्हायला लागलं होतं. शुक्रवारपासून तर जास्तच.

तिनं त्या फोल्डरच्या परवानग्यांचं पान काढलं. तिथं मास्तरांचं नाव असेल अशी तिनं मनाची तयारी केली होती. नाव नव्हतं. नावाच्या जागी एक आकड्यांची माळ होती, इंग्रजी एसनं सुरू होणारी, मध्ये रेघा, पुन्हा आकडे, ओळ पुरली नाही म्हणून खालच्या ओळीत घुसलेली. अकाउंट पुसलं की असं होतं हे तिला ठाऊक होतं. सर्व्हर माणसाला आकड्यानंच ओळखतो, नाव आपल्या सोयीसाठी वर चिकटवलेलं असतं, आणि अकाउंट गेलं की नाव गळून आकडा उरतो. हे मास्तरांनीच खुर्ची ओढून शिकवलं होतं तिला. मालक: आकड्यांची माळ. पूर्ण हक्क: आकड्यांची माळ. इतर कुणाला: काही नाही. म्हणजे ती पंधरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसली, त्यांच्या रजा तिनं निभावल्या, त्यांच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबली, आणि या फोल्डरवर तिला नुसता वाचायचाही हक्क त्यांनी दिलेला नव्हता. तिला हे आजवर माहीतच नव्हतं. टपाल बिघडलं की मास्तर 'जरा सरक' म्हणून तिच्या कीबोर्डवर स्वतः बसायचे. पंधरा वर्षं ती सरकत राहिली. ती त्या आकड्यांकडे बघत बसली. किती वेळ, ते तिला नंतर घड्याळावरून हिशेब करून काढावं लागलं.

"काय झालंय?" म्हणत साहेब आत आले. साहेब सहा महिन्यांपूर्वी मास्तरांच्या जागी बाहेरून आलेले विभागप्रमुख, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पायात पांढरे बूट. तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावत तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "मग 'सर्वांना सर्व हक्क' देऊन टाका ना. दोन मिनिटांत चालू होईल."

"त्या फोल्डरमध्ये अख्ख्या हॉस्पिटलच्या रक्ताचे निकाल आहेत, साहेब. गेटवरच्या कॉम्प्युटरवरूनसुद्धा कुणाला काय आजार आहे ते वाचता येईल."

"तात्पुरतं हो!"

"सोळा वर्षांपूर्वी मास्तरांनीही तात्पुरतंच केलं होतं."

"तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीची लढाई करता," साहेब म्हणाले, आणि ती खुर्ची फिरवून काहीतरी बोलणार, जे तिनं बोलायला नको होतं, तेवढ्यात पुन्हा टेबलावरचा फोन वाजला. तीच सिस्टर. पण आवाज वेगळा. "चौदा नंबरचे आजोबा घामाघूम झालेत. नाडी कशीतरीच लागतेय. डॉक्टर विचारतायत सकाळचं पोटॅशियम किती. मी काय सांगू त्यांना?" तिनं घड्याळ पाहिलं. आठ एक्केचाळीस. सव्वाआठला पहिला फोन आला होता. सव्वाआठलाच लॅबला फोन लावून, 'वर काही पोचत नाहीये, धोक्याचे आकडे तोंडी कळवा,' एवढं एक वाक्य सांगायचं होतं. ते तिला सुचलं नव्हतं. सव्वीस मिनिटं ती मेलेल्या माणसाशी भांडत होती.

तिनं सिस्टरचा फोन एका कानाला धरून दुसऱ्या कानाला मोबाइल लावला, तळघरात. लॅबचा टेक्निशियन निवांत होता. "चौदा नंबर? सात-वीसलाच पाठवलंय की. आमच्याकडे 'पाठवले' दिसतंय." "आकडा सांगा!" "सहा पॉइंट नऊ." मग त्यालाच तो ऐकू आला असावा. "अरे बापरे. घंटा नाही वाजली का वर?" तिनं आकडा सिस्टरला सांगितला. पलीकडे फोन खाली न ठेवताच कुणीतरी धावलं, चपलांचा आवाज, ट्रॉली खडखडली, कुणीतरी इंजेक्शनचं नाव ओरडलं, आणि त्या सगळ्याच्या मागे एका बाईचा, रोग्याच्या नातेवाइकाचा असणार, आवाज येत राहिला, "बाबा, इकडे बघा. बाबा. इकडे बघा." तिनं फोन हळूच ठेवला. टेक्निशियनला म्हणाली, "सकाळपासूनचे जेवढे लाल आहेत तेवढे एकेक वॉर्डाला फोन करून वाचून दाखवा. आत्ता. आणि कागद घेऊन कुणालातरी पळवा." साहेब खिडकीजवळ जाऊन उभे राहिले होते.

पुढची दहा मिनिटं तिचे हात तिच्यावाचून चालले. परवानग्यांच्या पानावर एक बटण असतं, मालकी घ्या. तिनं ते दाबलं. खरंच का, असं सर्व्हरनं विचारलं. हो. आकड्यांची माळ गेली, तिचं नाव आलं. मग त्या बिनमाणसाच्या अकाउंटला वाचायचा आणि लिहायचा हक्क, तेवढाच, जास्त नाही. मालकी स्वतःकडून काढून विभागाकडे. सुरू करा. पट्टी शेवटपर्यंत गेली आणि 'चालू' असा शब्द आला. पहाटेपासून तुंबलेले एकशे त्रेचाळीस निकाल एकदम सुटले, आणि जिन्याच्या पोकळीतून तिला घंटा ऐकू आल्या, दुसऱ्या मजल्यावरून, तिसऱ्यावरून, पलीकडच्या इमारतीतून, एकामागून एक, उशिरा. साहेबांनी सुस्कारा सोडला. "शाब्बास," ते म्हणाले. तिला वाटलं, टेबलावरचा स्टेपलर उचलून काचेवर मारावा.

दुपारपर्यंत कळलं की आजोबा वाचले. हृदय दोनदा अडखळलं, पण परत आलं. वॉर्डातच आहेत, मशीन लावलंय, संध्याकाळी पुन्हा रक्त तपासतील. साहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, अधीक्षकांना पाठवायचा अहवाल अर्धा लिहून झाला होता. "ऐका हं," म्हणून त्यांनी वाचलं, "मूळ कारण: दिवंगत कर्मचाऱ्यानं नियमबाह्य रीतीनं महत्त्वाची सर्व्हिस स्वतःच्या वैयक्तिक अकाउंटवर चालवली व त्याची माहिती विभागाला दिली नाही." त्यांनी वर बघितलं. "बरोबर आहे ना? आणि त्यांना काय फरक पडतो आता."

बरोबरच होतं. तिनं स्वतः लिहिलं असतं तर याहून कडक लिहिलं असतं. पंधरा वर्षांचं लिहिलं असतं, ते 'जरा सरक', ते 'मी आहे ना'. आणि तरी ते वाक्य साहेबांच्या तोंडून, त्या गुळगुळीत आवाजात ऐकताना तिनं खुर्चीचे हात धरले. कारण 'माहिती दिली नाही' हे खोटं होतं. माहिती होती. तिला होती. शुक्रवारी दुपारी याच खोलीत साहेबांनी तिला यादी दिली होती, निकामी अकाउंट्सची, दोनशे बारा नावं, प्रत्येकापुढे 'ठेवा' किंवा 'काढा' लिहायचं, पाच वाजेपर्यंत हवी. ती म्हणाली होती, एवढी घाई कशाला, एकेक तपासावं लागेल, आणि हे काम प्रमुखाचं आहे. त्यावर साहेब सहज, अगदी सहज, म्हणाले होते, "प्रमुखपदाचं म्हणाल तर तुमच्या मास्तरांनीच लिहून ठेवलंय. गेल्या वर्षी वरून विचारणा झाली होती त्यांना, त्यांच्या जागी कोण. तुमच्या फाइलला आहे. कामात चोख, पण एकटीवर जबाबदारी टाकावी इतकी तयारी अद्याप नाही." त्यांनी कागद काढून दाखवला. अक्षर मास्तरांचंच, 'अद्याप'मधल्या 'द्य'ला तो ओळखीचा वळसा. ती जागेवर येऊन बसली आणि यादी करायला लागली. काढा, काढा, ठेवा, काढा. एकशे सत्तेचाळीसाव्या ओळीला मास्तर होते. कर्सर तिथं लुकलुकत राहिला. टपाल या नावावर चालतं हे तिला आठवलं का? आठवलं. आठवून पुसट केलं, पाटीवर ओला हात फिरवावा तसं. सोमवारी सर्व्हर बंद होऊन पुन्हा उठणार आणि तेव्हा टपाल अडणार हेही कुठंतरी माहीत होतं. आणि तिनं लिहिलं, काढा. लिहिताना तिला बरं वाटलं. खूप दिवसांनी, घशाखाली गार पाणी जावं तसं बरं वाटलं. मग पाच वाजता यादी साहेबांना पाठवली, त्यांनी न वाचता सही केली, आणि ती घरी गेली.

"ती यादी मी तपासली होती," ती म्हणाली. "त्यांच्या नावापुढे 'काढा' मी लिहिलं. टपाल त्यावर चालतं हे मला माहीत होतं."

साहेबांनी लॅपटॉप थोडा मिटला. "हे बघा, यादी मोठी होती. नजरचूक होते."

"नजरचूक नव्हती."

ते आता ओरडतील असं तिला वाटलं, आणि ते ओरडायला हवे होते. पण ते हळू आवाजात म्हणाले, "खाली माझी सही आहे. तुम्ही असं काही लिहिलंत तर दोघं जाऊ. त्यापेक्षा 'तांत्रिक कारण' म्हणू. मास्तरांचं नावही काढून टाकतो, तुम्हांला वाईट वाटत असेल तर. कुणाचंच नाव नको."

"म्हणजे झालं ते कुणीच केलं नाही."

"झालं काय? म्हातारा ठणठणीत आहे."

ती उठली. दार लावताना तिनं ते आपटलं, आणि बाहेर बसलेल्या टायपिस्टनं दचकून चहा सांडला. जागेवर येऊन तिनं स्वतःचा अहवाल लिहिला. पाऊण पान. कुणी बनवलं, कुणाच्या नावावर, कुणी वेळोवेळी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. यादी कुणी केली, कुणी सही केली. पहिला फोन कधी आला, आणि लॅबला फोन करायला सव्वीस मिनिटं का लागली. त्या 'का'पाशी ती अडली. शेवटी लिहिलं, माझं लक्ष रागात होतं. हे अहवालात शोभत नव्हतं. तिनं ते तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं, अधीक्षकांना, प्रत साहेबांना. पाठवल्यावर काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. आईला फोन लावला. आई म्हणाली, "जेवलीस का?" ती "हो" म्हणाली.

साडेपाचला ती तिसऱ्या मजल्यावर गेली. या वॉर्डात ती शेकडो वेळा आली होती, टेबलाखाली वाकून वायरी लावायला, सिस्टरच्या स्क्रीनपुढे उभं राहायला. खाटांकडे तिनं कधी नीट बघितलं नव्हतं. चौदा नंबर खिडकीशी होता. आजोबा झोपले होते, तोंड किंचित उघडं, गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं, छातीवर मशीनच्या तारा. शेजारी स्टुलावर त्यांची मुलगी, चाळिशीची, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात, एका हातानं बापाचं मनगट धरून. सकाळी फोनमधून आलेला आवाज हिचाच.

"मी इथल्या कॉम्प्युटर विभागात आहे," ती म्हणाली. "सकाळी तुमच्या वडिलांचा रिपोर्ट वर यायला उशीर झाला. तो माझ्यामुळे झाला."

मुलीनं मान वळवली. "सिस्टर म्हणाल्या मशीन बंद होतं."

"मशीन बंद पडलं ते मी एक अकाउंट काढायला लावलं म्हणून. आणि बंद आहे हे कळल्यावर मी लगेच लॅबला फोन करायला हवा होता. तो केला नाही."

"का नाही केला?"

तिनं उत्तर तयार करून आणलं होतं, जिना चढताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. ते सुरू करेपर्यंत मुलगी थांबली नाही. मुलीनं पर्समधून पेन काढलं, फाइल पालथी केली. "नाव सांगा." तिनं सांगितलं, आडनावासकट. मुलीनं लिहून घेतलं. पेन तसंच कागदावर धरून म्हणाली, "अजून कोण?"

तिनं साहेबांचं नाव सांगितलं. ते सांगायला सोपं गेलं. मग तिनं मास्तरांचं नाव सांगितलं, संपूर्ण, जे हॉस्पिटलात कुणी घेत नसे. ते सांगताना तिचा आवाज चढला, आणि थांबवता येईना. त्यांनीच हे सगळं स्वतःच्या हातात ठेवलं होतं, ती म्हणाली, पंधरा वर्षं मी सांगत होते, कुणाला शिकवलं म्हणून नाही, कुणावर भरवसा म्हणून नाही, नुसतं आपलं मी आहे ना, मी आहे ना. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं कुशीवरून वळून बघितलं. "कुठं भेटतील ते?" मुलीनं विचारलं.

"ते वारले. आठ महिने झाले."

मुलीचं पेन थांबलं. ती वर बघत राहिली, डोळे सुजलेले, चिडलेले, आणि त्यात आता थोडं नवल. "मग वारलेल्या माणसाचं नाव मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी त्यांच्यावर चिडून काय करू? माझा बाप मरत होता सकाळी. मी तुमच्यावर चिडणार आहे. तुम्ही समोर आहात."

तिनं मान हलवली. दिवसभर, किंवा त्याहीआधीपासून, तिला कुणीतरी हवं होतं, तिच्याइतकंच मास्तरांवर चिडणारं. तशी चिडणारी आणखी एक बाई जगात असती तर तिच्या गळ्यात पडून तिला रडताही आलं असतं. ही ती नव्हती. हिनं फाइल सरळ केली, पेनाला टोपण लावलं, आणि बापाच्या अंगावरून घसरलेली चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही. खाटेच्या पायथ्याशी ती उभी राहिली, हात कुठं ठेवावेत ते कळेना. मागून संध्याकाळचं रक्त काढायची ट्रॉली आली आणि सिस्टर म्हणाली, "मॅडम, वाटेत उभ्या आहात. जाऊ द्या मला."